धूप, दृष्ट, पत्री, दवणा: कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या गच्चीवरच्या बागेच्या नोंदी

1 जून 2025, रविवार

मोकळी जागा 20 बाय 14 फूट. पश्चिमेला शेजारची उंच भिंत आहे, त्यामुळे दुपारी चारनंतर ऊन नाही, पण पावसाचा झोडपाही थोडा अडतो. सकाळचे आठ तास ऊन सरळ मिळते. वजन कुंड्या मांडायच्या आधीच मोजलेले बरे: बारा इंची कुंडीत साधारण 15 लिटर माती मावते आणि भिजल्यावर ती कुंडी 25 ते 30 किलोची होते. म्हणून सगळ्या जड कुंड्या कठड्याच्या कडेने, खाली भिंत आहे तिथेच. मधल्या स्लॅबवर फक्त उथळ ट्रे.

झाडे निवडताना आवडीचा विचार केला नाही. कोणत्या तिथीला काय लागते आणि त्या दिवशी ते कोणत्या अवस्थेत हवे, ओले, वाळलेले की फुलोऱ्यात, एवढेच पाहिले. तिथून मागे मोजत लावणीची तारीख काढायची. बहुतेक घरांत हे उलटे चालते. रोप दिसले की आणले, आणि मग गौरीला आघाडा जून होऊन काटेरी तुरे लागलेले असतात, चैत्रात दवणा वाळून गेलेला असतो.

यादी: कृष्ण तुळस, मरवा, दवणा, सताप, वेखंड, निर्गुडी, आघाडा, दूर्वा, शमी, माका. पाश्चात्त्य विच-क्राफ्टच्या पद्धतीने काम करणाऱ्यांसाठी रोझमेरी, सेज, लॅव्हेंडर आणि मगवर्ट. मगवर्टच्या जागी आपला ढोरदवणा घेतला. दोन्ही एकाच आर्टेमिसिया प्रजातीतले, पान खालून पांढरट लवेचे, वास कडवट. धोत्रा आणि कण्हेर गच्चीवर नाहीत. दोन्ही जीवघेणे विषारी, आणि वर्षातून एकदा लागतात तेव्हा बाजारात मिळतात.

8 जून, रविवार

यंदा मोसमी पाऊस केरळात 24 मे लाच पोहोचला, त्यामुळे मिश्रणाचे काम ताडपत्रीखाली केले. दोन वेगळी मिश्रणे.

ओलावा आवडणाऱ्यांसाठी (तुळस, मरवा, माका, आघाडा): दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेले शेणखत, एक भाग कोकोपीट. पंचगंगेकाठची काळी माती शेताला उत्तम, कुंडीत मात्र ती पाणी धरून बसते आणि उन्हात आकसून कडेने फट सोडते. पाणी त्या फटीतून खाली जाते, मुळे कोरडीच राहतात. म्हणून पन्हाळ्याकडची तांबडी माती.

कोरड्या प्रदेशातल्यांसाठी (रोझमेरी, सेज, लॅव्हेंडर, सताप): एक भाग तांबडी माती, एक भाग विटांचा चुरा, एक भाग जाड वाळू, अर्धा भाग गांडूळखत. बांधकामाची क्रश सँड वापरायची तर तीन-चार पाण्यांनी धुवावी लागते. तिच्यातली दगडाची भुकटी दोन पावसांत खाली बसते आणि कुंडीचे भोक सिमेंट केल्यासारखे बंद होते. तांबडी माती आम्ल असते आणि या झाडांना ते सोसत नाही, म्हणून बारा इंची कुंडीला एक मोठा चमचा शेतीचा चुना मिसळला. कुंड्या विटांच्या तुकड्यांवर, जमिनीपासून दोन इंच वर.

10 जून, वटपौर्णिमा

काढणीचे नियम ठरवून गच्चीच्या दाराला लावले, कारण दोन परंपरा इथे एकमेकींच्या आड येतात. पाश्चात्त्य पद्धतीत वाढत्या चंद्रात वाढीच्या कामाची आणि उतरत्या चंद्रात घालवण्याच्या कामाची पाने काढतात, पौर्णिमेची काढणी सर्वांत मानाची. तुळशीला नेमकी ती चालत नाही. पौर्णिमा, अमावस्या, एकादशी, द्वादशी, रविवार, संक्रांत आणि सूर्यास्तानंतर तुळस तोडायची नाही. म्हणजे पौर्णिमेच्या रात्री रोझमेरी, सेज, मगवर्ट खुडा, तुळशीला हात लावू नका; पूजेची पाने आदल्या दिवशी सकाळीच काढून ठेवायची. तुळशीचे पान शिळे होत नाही असे मानतातच.

29 जून, रविवार

वेखंड लावला. भोक नसलेला 40 लिटरचा टब, तळाला सहा इंच काळी माती (इथे तिचा चिकटपणाच कामाचा), वर दोन इंच पाणी. मुळाचे दोन-दोन इंचांचे तुकडे, प्रत्येकाला डोळा हवा, आडवे आणि अर्धे वर दिसतील असे. खोल पुरले की कुजतात. टबात गप्पी मासे सोडले, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या.

वेखंड बाळाच्या मनगटाला बांधायला लागतो, तेवढाच त्याचा उपयोग ठेवायचा. उगाळून चाटवायचा नाही. आपल्याकडच्या वेखंडात बीटा-ॲसॅरोन हे घातक द्रव्य भरपूर असते आणि अमेरिकेत 1968 पासून वेखंड अन्नात घालायला बंदी आहे. बांधतानाही तुकडा बाळाच्या तोंडात मावणार नाही एवढा मोठा आणि पक्क्या सुती दोऱ्याने.

24 जुलै, गुरुवार, दीप अमावस्या

रोझमेरीची दोन झाडे गेली. लक्षण ठरलेले: माती ओली आहे आणि तरी शेंडे माना टाकतात, खालच्या सुया आधी करड्या, मग काळ्या. पाणी कमी पडले असे वाटून आणखी पाणी घातले की संपले. मुळे उपटून पाहिली तर साल बोटांनी सुटते आणि आत तपकिरी, ही मूळकूज. वाचलेल्या कुंड्यांवर 200 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद उतरता बांधला, बाजू उघड्या. बाजू बंद केल्या की आत वाफ कोंडते आणि सेजवर भुरी येते.

मेलेल्या झाडांचे हिरवे शेंडे वाया घालवले नाहीत. चार-चार इंचांचे कलम, खालची अर्धी पाने ओरबाडून, निम्मे कोकोपीट निम्मी वाळू, सावलीत. सहा आठवड्यांत मुळे धरायला हवीत. काळा पडलेला देठ कलमाला घ्यायचा नाही. रोग बरोबर येतो.

आज अमावस्या, दृष्टीचे साहित्य बांधले: जाडे मीठ, मोहरी, देठासकट लाल मिरच्या. मिरच्या उन्हात वाळवलेल्याच लागतात. पावसाळ्यात सादळलेली मिरची निखाऱ्यावर नुसती वाफाळते, ठसका उशिरा येतो, आणि घरातले लगेच म्हणतात, दृष्ट मोठी लागली होती. मीठ तडतडते ते खड्यात अडकलेल्या पाण्याने. कोरड्या बरणीतले मीठ आणि सादळलेले मीठ वेगळे बोलतात, त्यावरून अर्थ काढणाऱ्याने बरणीचे झाकण आधी पाहावे. बिब्बा या पुडीत घातला नाही. त्याचे तेल कातडीला लागले की फोड येतात आणि निखाऱ्यावर त्याचा धूरही बाधतो.

10 ऑगस्ट, रविवार

चतुर्थी 27 तारखेला. दूर्वांचा ट्रे (चार इंच खोल, तीन फूट लांब) आज कात्रीने अर्ध्या इंचापर्यंत कापला, वर चाळलेल्या गांडूळखताचा पातळ थर. कापल्यापासून दोन-अडीच आठवड्यांत कोवळे तीन पानांचे अंकुर वर येतात, तेच पूजेला हवेत. न कापलेल्या दूर्वा लांबट, पसरट आणि वायरीसारख्या होतात, त्यांच्या जुड्या बांधताना तुटतात. आघाड्याचेही तसेच. शेंडे खुडले, नव्या फांद्या कोवळ्या येतील आणि 31 तारखेला गौरीलाही पुरतील.

27 ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

21 पत्रींपैकी गच्चीवरून निघाल्या दूर्वा, आघाडा, शमी, मरवा, माका, आणि गणपतीला फक्त आजच्याच दिवशी चालणारी तुळस. बाकीच्या कपिलतीर्थ मार्केटमधून. देवदार, अर्जुन, पिंपळ गच्चीवर लावायचा हट्ट करू नये. पिंपळ तर उगवला की त्याच दिवशी मुळासकट काढायचा, नाहीतर तो कठडा फोडतो.

शमीबद्दल लिहून ठेवायला हवे. रोपवाटिकेत शमी म्हणून जे मिळते ते पुष्कळदा वेगळेच झाड असते. फूल आले की कळते: अर्धे गुलाबी, अर्धे पिवळे असे लोंबते तुरे म्हणजे ती शमी नव्हे. खऱ्या शमीचा तुरा बारीक आणि सगळाच फिकट पिवळा. फुलांची वाट पाहायची नसेल तर काटे पाहा. शमीचे काटे लहान, शंकूसारखे, खोडावर विखुरलेले. दुसऱ्या झाडात आखूड फांदीचे टोकच काट्याचे होते. दसऱ्याला आणि शनीच्या समिधेला हाच फरक लागतो, आणि समिधेत चुकीचे लाकूड गेले तर बाकीचा विधी बिनचूक करून काय उपयोग.

14 सप्टेंबर, रविवार

सतापीवर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या. लिंबाच्या फुलपाखराच्या. सताप, लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, म्हणून मादी तिन्हींवर अंडी घालते. औषध फवारले तर पाने धुपाला आणि दृष्टीला चालणार नाहीत, म्हणून हातमोजे घालून अळ्या उचलल्या आणि कोपऱ्यातल्या लिंबाच्या रोपावर सोडल्या. तिथे त्यांनी खुशाल खावे.

हातमोजे अळ्यांसाठी नव्हेत, सतापीसाठी. तिचा रस कातडीला लागून त्यावर ऊन पडले की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात, आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. काढणी सूर्यास्तानंतर, मग साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. गरोदर बाईने सतापीला हात लावू नये, पोटात घेणे तर दूरच. इटलीत वाईट नजरेवर सतापीच्या डहाळीच्या आकाराचा चांदीचा ताईत, चिमारूता, बाळाच्या गळ्यात घालत. आपल्याकडे जुन्या बायका बाळंतिणीच्या खोलीत सताप ठेवत. दोन टोकांच्या देशांत एकाच कामाला एकच झाड, या बागेत असे दुसरे उदाहरण नाही.

21 सप्टेंबर, सर्वपित्री अमावस्या

गल्लीतून विचारणा वाढली आहे. दाराला बांधायला जुडी, धुपाला पाने, पूजेला पत्री: देऊ. आजारावर उतारा, विंचू किंवा साप चावल्यावर मंतरलेला पाला: नाही. 2013 चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा घरच्या पूजेला आणि धुपाला हात लावत नाही, पण कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणे हा त्यात गुन्हा आहे. कायदा नसता तरी उत्तर हेच असते. पाकिटावर फक्त झाडाचे नाव आणि काढणीची तारीख लिहायची, गुण लिहायचे नाहीत.

6 ऑक्टोबर, सोमवार, कोजागरी

पावसानंतरची पहिली मोठी काढणी. चंद्र वर आल्यावर रोझमेरी, सेज, ढोरदवणा, निर्गुडी. मरवा फुलोरा येण्याआधी हवा म्हणून तोही. प्रत्येक झाडाचा एक तृतीयांशच भाग. रोझमेरीच्या बिनपानांच्या जुन्या लाकडापर्यंत कापले तर तिथून फूट येत नाही. दव पडण्याआधी काम संपवले. ओल्या पानांच्या जुड्या आतून काळ्या पडतात.

ग्रहांच्या याद्यांबद्दल रात्री बराच वाद झाला. 17व्या शतकातल्या इंग्रज वनस्पतीकारांकडे रोझमेरी सूर्याची, लॅव्हेंडर बुधाची, सेज गुरूची, मगवर्ट शुक्राची. आपल्या नवग्रह समिधांत सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला औदुंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा, केतूला दर्भ. पहिली यादी झाडाच्या चवी-वासावरून आणि आजारावरून बांधलेली, दुसरी होमासाठी. बुधासाठी आघाड्याबरोबर लॅव्हेंडर ठेवले म्हणून काही दुप्पट होत नाही. आमचे मत: एका कामाला एकच यादी.

पांढरी सेज मागणाऱ्यांसाठी एकदाच लिहून ठेवतो. ती कॅलिफोर्नियाच्या बाजूची, तिथल्या आदिवासी समाजांची, आणि जंगलातून ओरबाडून विकली जाते. साधी सेज आणि रोझमेरी यांची जुडी तितकाच धूर देते.

11 ऑक्टोबर, शनिवार

लक्ष्मीपूजन 21 ला, धुपाला वाळायला दहा दिवस, म्हणून आजच. पाने कडक वाळली का हे पाहायची खूण: पान चुरचुरते आणि देठ वाकत नाही, कट्‌कन मोडतो. ताज्या पानात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी असते. एक किलो ओल्या पाल्यातून पावशेरच्या आसपासच हाती राहते. जुलैत हेच काम केले असते तर आठवड्यात बुरशी. पावसाळ्यात वाळवायचेच असेल तर पंख्याखाली, पुठ्ठ्याच्या खोक्यात बल्ब लावून, 40 अंशांच्या आत. त्याहून तापले की सुगंधी तेल उडून नुसता चारा उरतो.

धुपाच्या वड्या:
शेणीची चाळलेली पूड 100 ग्रॅम, लाकडी कोळशाची पूड 20 ग्रॅम, मरवा-रोझमेरी-निर्गुडीची वस्त्रगाळ पूड 50 ग्रॅम, राळ किंवा ऊद 20 ग्रॅम, जिगट (वडी बांधणारी चिकट सालीची पूड) 25 ग्रॅम, तूप दोन चमचे. कोरडे सगळे आधी एकजीव, मग तूप चोळायचे, मग पाणी थोडे थोडे, घट्ट भाकरीच्या पिठाइतके. अर्धा तास झाकून ठेवले की जिगट फुगते आणि वडी सुटत नाही. करंगळीएवढी जाडी, त्याहून जाड केली तर आत ओल राहते. पहिले तीन दिवस सावलीत, मग ऊन.

काय बिघडते: थेट उन्हात टाकली की भेगा पडतात. पेटून विझते तेव्हा राळ जास्त किंवा कोळसा कमी. चटचट ठिणग्या उडतात तेव्हा पुडीत देठ राहिले आहेत, पुन्हा चाळा. कोल्हापुरात बांधायला गूळ घालायची फार हौस. एक लहान चमचा चालतो, त्याहून जास्त घातला की धूप करपलेल्या काकवीचा वास देतो आणि मुंग्या डबा शोधत येतात. खिडकी उघडी ठेवूनच जाळायचे. घरात दम्याचा माणूस असेल तर जाळायचेच नाही, कोरडी पाने पुरचुंडीत बांधून ठेवावीत.

शेणी होळीच्या सुमाराला घेऊन ठेवलेल्या. तेव्हा पंचगंगा स्मशानभूमीच्या शेणीदानासाठी ढीग लागतात आणि कोरडा, जुना माल निवडून घेता येतो. पावसाळ्यातली शेणी आतून ओली आणि किड्यांची.

2 नोव्हेंबर, रविवार

दवणा, पहिली फेरी. बी मोहरीहूनही कितीतरी बारीक आणि एका हंगामापुरतेच जिवंत, दोन वर्षांचे जुने घेऊ नये. दोन दिवस ओल्या फडक्यात ठेवले, टोके पांढरी दिसताच दहा पट बारीक वाळूत कालवून वाफ्यावर फेकले, वर माती टाकली नाही. पाणी फवाऱ्यानेच, झारीच्या धारेने बी एका कोपऱ्यात गोळा होते.

7 डिसेंबर, रविवार

दवण्याची दुसरी फेरी, आणि खरी महत्त्वाची हीच. पेरणीपासून फुलोऱ्यापर्यंत 110 ते 115 दिवस. चैत्र पौर्णिमा 2 एप्रिल, तिथून मागे मोजले की डिसेंबरचा पहिला आठवडा येतो. नोव्हेंबरची फेरी फेब्रुवारीअखेर फुलेल, ती वाळवायला.

पहिल्या फेरीची रोपे चार इंचांची झाली, सहा बाय तीन इंचांवर लावली. त्यांत गाजरगवत निघाले, शेणखतातून आलेले. कोवळेपणी दोघांची पाने इतकी सारखी की नवखा माणूस दवणा उपटून गाजरगवत जपतो. पान चोळून हुंगावे: दवण्याला गोड, फळासारखा वास, गाजरगवताला तो नाही आणि पान खरखरीत. 1950च्या दशकात पुण्यात प्रथम दिसलेले हे तण आता कुठे नाही असे नाही. त्याने अंगाला खाज आणि पुरळ येते, धुपात गेले तर घरभर. शंका आली की रोप काढून टाकायचे, दवणा एक कमी झाला तरी चालेल.

18 जानेवारी 2026, रविवार

कृष्ण तुळशीची पाने मुरडून काळपट. खालून पाहिले तर जाळीदार पंखांचे बारीक ढेकूण आणि विष्ठेचे काळे ठिपके. कडुनिंबाचे तेल एका लिटरला 5 मिली, सोबत 2 मिली पातळ साबण, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने, आठवड्याने पुन्हा. फवारल्यानंतर आठ दिवस ती पाने देवाला नाहीत. मंजिऱ्या खुडायच्या राहिल्या की झाड थकते आणि कीड तिथूनच सुरू होते. पण आज रविवार आणि अमावस्या दोन्ही, तेव्हा खुडणी उद्या.

1 मार्च, रविवार

पहिल्या फेरीचा दवणा निम्म्याहून जास्त फुलला, जमिनीपासून दोन इंचांवर कापला. सावलीत, कापडावर, एकच थर. वेखंडाची पाने पिवळी पडली, टब उपसला. मुळे धुऊन, तंतू जाळून नव्हे तर खरवडून काढले, तुकडे करून सावलीत ठेवले. डोळे असलेले जाड तुकडे परत टबात.

29 मार्च, रविवार, कामदा एकादशी

दुसरी फेरी कळ्यांवर. मार्चचे ऊन लागले की दवणा लवकर फुलून पिवळा पडतो, म्हणून गेले दोन आठवडे दुपारी 50 टक्क्यांची हिरवी जाळी आणि सकाळ-संध्याकाळ थोडे पाणी. वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या चैत्र यात्रेला न्यायचा दवणा परवा पहाटे कापायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत. प्लास्टिकच्या पिशवीत घातला तर डोंगर चढेपर्यंत उकडून काळा होतो.

वाफ्याच्या उत्तर कोपऱ्यातली दहा-बारा झाडे कापायची नाहीत, बियांसाठी. पूर्ण वाळू द्यावीत, मग कागदावर झटकावीत. बी कागदी पाकिटात, पाकीट काचेच्या बरणीत, बरणीवर झाडाचे नाव आणि वर्ष. पेरणीची तारीख पुढच्या वर्षीच्या पंचांगावरून काढायची. यंदाची चालणार नाही, मध्ये अधिक महिना आहे.